सर्वांनी लिहायचा कोश: खेळाडूंच्या विकीतून महाड-पोलादपूरने काय घ्यावे

एखाद्या विषयावर ज्यांचे मनापासून प्रेम आहे त्या सगळ्यांनी मिळून त्याचा कोश लिहावा, कोणीही भर घालावी, कोणीही चूक दुरुस्त करावी आणि तरीही तो कोश विश्वासाचा राहावा, हे शक्य आहे का? तीस वर्षांपूर्वी बहुतेक विद्वानांनी याला ठाम नकार दिला असता. आज याचे उत्तर होकारार्थी आहे आणि ते खरे करून दाखवणाऱ्यांत व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलामुलींचा वाटा मोठा आहे.

खेळांचे विकी कसे उभे राहिले, कुठे अडखळले, मराठीत कोशाचे काम कसकसे झाले आणि महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांना त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा. माझे म्हणणे आधीच मांडतो. या भागाची सर्वांत मोलाची माहिती छापलेली नाही, म्हणून ती विकिपीडियाच्या नियमांत बसत नाही. खेळाडू जसे स्वतः पडताळून आणि तारीख घालून लिहितात, तसा एक स्वतंत्र स्थानिक कोश तिच्यासाठी हवा.

विकी चालतो कसा

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. वाचणाऱ्यालाच समोरचे पान जागच्या जागी बदलता यावे, एवढीच मूळ कल्पना. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया आला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. आज त्याची लेखसंख्या एक लाखाच्या घरात आहे.

कोणीही लिहू शकतो म्हटल्यावर पहिली शंका येते ती नासधुशीची. तिचा बंदोबस्त यंत्रणेतच केलेला असतो. प्रत्येक पानाचा इतिहास जपला जातो: कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे सगळे त्यात दिसते आणि आधीची आवृत्ती एका कळीसरशी परत आणता येते. बिघडवायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात दुरुस्ती होते, म्हणून विकी टिकतो. पानाच्या पाठीशी चर्चेचे पान असते, तिथे वाद घालायचा. मराठी विकिपीडियाने यासाठी आपली परिभाषाही घडवली. नवशिक्याने सरावासाठी धूळपाटीवर लिहावे, सगळ्यांशी संबंधित प्रश्न चावडीवर मांडावा, साफसफाई आणि पहारा प्रचालकांनी करावा आणि पुन्हा पुन्हा करायची कामे सांगकाम्यावर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीवर, सोपवावीत.

हे सगळे चालवणारी मीडियाविकी ही प्रणाली मुक्त आहे. जी विकिपीडियाला पुरते तीच एखाद्या गावाला किंवा एखाद्या खेळाच्या चाहत्यांना फुकट वापरता येते. खर्च येतो तो सर्व्हरवरच्या जागेच्या भाड्याचा आणि माणसांच्या वेळेचा.

खेळाडूंनी काय उभे केले

माइनक्राफ्ट हा खेळ मे २००९ मध्ये लोकांसमोर आला, त्याचा विकी त्याच वर्षी जुलैत सुरू झाला. विकीची गरज इतकी तातडीची का होती, हे एका उदाहरणावरून कळते. या खेळात दगड फोडायला कुदळ लागते. ती करायला तीन बाय तीन चौकटींच्या पटावर वरच्या ओळीत लाकडाच्या तीन फळ्या मांडायच्या आणि मधल्या उभ्या रांगेत त्यांच्या खाली दोन काठ्या. एक वस्तू जरी चुकीच्या चौकटीत गेली तरी कुदळ होत नाही. गंमत अशी की संगणकावरच्या मूळ आवृत्तीत ही कृती खेळ स्वतः कुठेच सांगत नव्हता. कृतींची वही खेळाच्या आत आली ती २०१७ मध्ये. तोपर्यंत जगभरची मुले एका खिडकीत खेळ आणि दुसऱ्या खिडकीत विकी उघडून बसत होती. आज वाचायला आलेला उद्या लिहू लागत होता, कारण त्याने आदल्या रात्री काहीतरी नवीन शोधलेले असायचे.

अशा विकींमध्ये तीन गोष्टी सारख्या दिसतात. पहिली, विषयाला कुंपण असते. एका खेळातले प्राणी, वस्तू, नकाशे आणि कामगिऱ्या मोजता येतात, त्यामुळे काय लिहून झाले आणि काय राहिले हे स्पष्ट असते. दुसरी, वाचणारा आणि लिहिणारा एकच असतो; त्याला त्या माहितीची स्वतःला गरज असते. तिसरी सर्वांत महत्त्वाची: पुरावा म्हणून छापील ग्रंथ मागत नाहीत, पडताळणी मागतात. एखादा म्हणाला की अमुक प्राणी वीस घावांत मरतो, तर दुसरा खेळून पाहतो. जमले तर राहते, नाही तर काढले जाते. खेळाची नवी आवृत्ती आली की जुनी माहिती पुसत नाहीत. कोणत्या आवृत्तीपर्यंत काय खरे होते आणि पुढे काय बदलले, हे पानाच्या शेवटी क्रमाने लिहितात.

मराठी मुलांना हे जग परके नाही. 'एम्पायर: टोटल वॉर' या २००९ च्या खेळात मराठ्यांच्या बाजूने खेळता येते, 'युरोपा युनिव्हर्सॅलिस'च्या चौथ्या भागात मराठा राज्य घडवता येते आणि दोन्हींबद्दलची तपशीलवार पाने चाहत्यांनी लिहिलेली आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये. महाडच्या कॉलेजातला मुलगा खेळाबद्दल काही अडले की विकी उघडतो, पण तो वाचतो इंग्रजीतून. वाचायची सवय आहे, तंत्र अंगवळणी पडले आहे, फक्त आपल्या भाषेत आणि आपल्या मुलखाबद्दल लिहिण्याची जागा त्याला कोणी दाखवलेली नाही.

मालकी कोणाची

खेळांच्या विकींचा इतिहास एक इशाराही देतो. २००४ मध्ये जिमी वेल्स आणि अँजेला बीस्ली यांनी चाहत्यांच्या विकींना फुकट जागा देणारी कंपनी काढली. आज ती फॅन्डम या नावाने ओळखली जाते. हजारो विकी तिथे वाढले. पण पाने जाहिरातींनी भरत गेली आणि मांडणीचे निर्णय लिहिणाऱ्यांच्या हातात राहिले नाहीत. २०१८ मध्ये रूनस्केप या खेळाचे विकीकार आपला मजकूर घेऊन बाहेर पडले आणि स्वतंत्र विकी उभा केला. २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या विकीकारांनी तेच केले.

त्यांना हे करता आले, कारण मजकूर मुक्त परवान्याखाली होता: श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे चालवून कोणीही तो उचलू शकतो. पण जुना विकीही जागच्या जागी राहिला आणि शोधयंत्रात वर दिसत राहिला. लोकांना नव्या घरापर्यंत आणायला विकीकारांना फार कष्ट पडले. म्हणून स्थानिक कोश काढताना पहिल्या दिवशी दोन गोष्टी ठरायला हव्यात. मजकूर मुक्त परवान्याखाली असावा आणि संकेतस्थळाचे नाव एखाद्या व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या नव्हे, तर संस्थेच्या मालकीचे असावे. समाजमाध्यमांवर ट्रेकरांनी आणि गावकऱ्यांनी लिहिलेली उत्तम माहिती आज कुठे आहे ते पाहा. ती आहे, पण वर्षभराने शोधली तर सापडत नाही, आणि चूक दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही.

मराठीतील कोशपरंपरा

मराठीला कोशाचे वेड जुने आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात पुरे केले. त्यासाठी त्यांनी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव हिंडले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि पाचगणी ओलांडली की वाई येते. म्हणजे मराठीचा सर्वांत मोठा संपादित ज्ञानकोश या तालुक्यांच्या डोक्यावरच, घाटमाथ्यापलीकडे घडला.

या दोन्ही कोशांचे मोठेपण तज्ज्ञ आणि संपादक यांच्या शिस्तीत आहे. पण अशा कोशात एखाद्या वाडीच्या पाणवठ्याला जागा मिळू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे. मराठी विकिपीडियाने दार सर्वांना उघडले, तरी त्याचेही दोन नियम आहेत: विषय पुरेसा उल्लेखनीय हवा आणि विधानाला प्रसिद्ध झालेला संदर्भ हवा. स्वतः पाहिलेले, कोणाकडून ऐकलेले तिथे चालत नाही. सर्वज्ञानाच्या कोशाला हा नियम हवाच. त्याची दुसरी बाजू मात्र गावांच्या लेखांत दिसते. अनेक गावांची पाने तालुका, जिल्हा आणि हवामानाच्या त्याच त्या साचेबद्ध वाक्यांपुढे जात नाहीत. गावाचे नाव बदलले तरी मजकूर तोच राहील. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. संदर्भच नसल्यावर ते आणखी काय लिहिणार?

दोन तालुक्यांत काय छापले गेले, काय राहिले

महाडच्या काही गोष्टींची नोंद उत्तम झाली आहे. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, त्याआधी महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा केलेला ठराव, २५ डिसेंबर १९२७ चे मनुस्मृतिदहन, मुंबई उच्च न्यायालयाचा मार्च १९३७ चा निकाल, या सगळ्याची कागदपत्रे आहेत. सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. आनंद तेलतुंबडे यांनी महाडच्या या लढ्यावर २०१६ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. रायगडावरही पुष्कळ लिहिले गेले, शां. वि. आवळसकरांचे 'रायगडची जीवनकथा' हे त्यातले महत्त्वाचे पुस्तक. या विषयांसाठी विकिपीडिया हीच योग्य जागा.

पण या ठळक जागांपासून जरा बाजूला गेले की छापील नोंद विरळ होत जाते. पोलादपुरातील कवींद्र परमानंदांची समाधी आणि उमरठची तानाजी मालुसऱ्यांची समाधी लोकांना ठाऊक असते. त्या परिसरातल्या वीरगळांचे आणि वाड्यांच्या जोत्यांचे काय? १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये घाटवाटांची नोंद आहे. तेव्हा बैल जात होते त्या वाटेचे आज काय झाले, हे त्यात असणार नाही. डोंगरात कांगोरी नावाचा किल्ला आहे. त्यालाच मंगळगड म्हणतात. गावकरी एका नावाने सांगतात, पुस्तकात दुसरे नाव सापडते आणि नवखा माणूस दोन किल्ले समजून बसतो. विकीत यावर सोपा उपाय आहे: दुसऱ्या नावाचे पान करून ते मुख्य पानाकडे वळवायचे.

पुराचे आणि दरडींचे तर विचारूच नका. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर आला आणि महाडची बाजारपेठ पाण्यात गेली. या घटनांच्या बातम्या आहेत, सरकारी अहवाल आहेत. पण सुकट गल्लीत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, दस्तुरी नाक्यावर ते किती वाजता चढू लागले, वरच्या धनगरवाड्यातल्या माणसाने जमिनीला भेग पडलेली किती दिवस आधी पाहिली होती, हे सगळे माणसांच्या तोंडी आहे. पुढच्या पुरात जीव आणि माल वाचवायला नेमके हेच लागते.

स्थानिक कोशाचे नमुने

असे प्रयत्न जगात झालेले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावी दोन विद्यार्थ्यांनी २००४ मध्ये गावाचा विकी सुरू केला. दुकाने, रस्ते, सायकलवाटा, गावातली माणसे, स्थानिक निवडणुका असे सगळे त्यात आले आणि तो गावकऱ्यांच्या रोजच्या वापरात गेला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांनी मिळून काढायचा नकाशा सुरू झाला. प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले त्यात चालते, किंबहुना तेच श्रेष्ठ मानले जाते. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर हजारो स्वयंसेवकांनी त्यावर गावे आणि पायवाटा उतरवल्या, त्या मदतपथकांच्या उपयोगी पडल्या.

आपल्याकडेही ही वृत्ती नवी नाही. यंग झिंगारो ट्रेकर्सच्या मंडळींनी केलेले 'सांगाती सह्याद्रीचा' हे पुस्तक अनेकांच्या पायपिटीतून झाले आणि ट्रेकरांच्या पिढ्यांनी ते पाठीवर वागवले. त्यात नंतरच्या वाटसरूला दुरुस्ती करता येत नाही, एवढीच त्याची मर्यादा. ती छापील पुस्तकाची मर्यादा आहे.

एक पान कसे असावे

ढवळे घाटाचे पान घेऊ. वाट पोलादपूर तालुक्यातल्या ढवळे गावातून निघते आणि महाबळेश्वरच्या आर्थर सीटला चढते. वाटेत बहिरीची घुमटी आणि जोरचे पाणी या ठळक खुणा. शेजारी चंद्रगड. एवढे पानाच्या माथ्यावर, कायमचे.

त्याखाली नोंदींची सारणी. प्रत्येक ओळीत तारीख, जाणाऱ्याचे सदस्यनाव, पाणी होते की आटले होते, कारवी वाढून वाट बुजली आहे का, कुठे दरड उतरून वाट वळली आहे, वाटाड्या घेतला होता का. खेळाची प्रत्येक आवृत्ती जशी नोंदवतात तसा इथे प्रत्येक पावसाळा नोंदवायचा, कारण कोकणातला पावसाळा डोंगर बदलून टाकतो. तीन वर्षांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की मार्चमध्ये पाणी मिळते का, याचे उत्तर ऐकीव राहत नाही.

पुराच्या पानाची रीतही हीच. गल्ली, घराची खूण, पाण्याची उंची, वेळ, सांगणारा स्वतः पाहणारा होता की त्याने ऐकले होते. 'पाहिले', 'ऐकले' आणि 'छापील' असे तीन शिक्के प्रत्येक विधानाला हवेत. विकिपीडिया फक्त तिसरा मानतो. स्थानिक कोशाने तिन्ही घ्यावेत, मात्र एकात एक मिसळू देऊ नयेत.

धोके

पहिला धोका एकहाती लेखनाचा. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियात हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले. लक्ष ठेवणारे थोडे असले की असे होते. म्हणून शंभर लेखांपेक्षा दहा जागरूक संपादक आधी हवेत.

दुसरा संख्येच्या मोहाचा. फिलिपाइन्सच्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया एका सांगकाम्याने लाखो लेखांपर्यंत नेला, पण तेवढ्याने वाचक मिळत नाहीत. आता यंत्राकडून मजकूर लिहून घेणे आणखी सोपे झाले आहे. जो डोंगर यंत्राने पाहिलेला नाही त्याची वाट त्याने सांगू नये, हा नियम जिवाच्या सुरक्षिततेचा आहे.

तिसरा वादाचा. महाडच्या पुराला दासगावजवळचा रेल्वेचा भराव आणि सावित्रीतला गाळ किती कारणीभूत, यावर नागरिक वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. कोशाने निकाल देऊ नये. कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर, ते शेजारी शेजारी मांडावे. इतिहासपुरुष, जाती आणि वाड्यांची नावे यांबाबत तर चर्चेचे पान आणि सुरक्षित केलेली पाने आधीच तयार हवीत.

चौथा उघड करण्याचा. काही देवराया, लेण्यांतले कोरीव अवशेष, दुर्मीळ वनस्पतींच्या जागा नेमक्या खुणेसह दिल्या तर त्यांचेच नुकसान होईल. आणि पावसाळ्यातला इशारा हा प्रशासनाचा अधिकार. कोश पूर्वानुभव सांगेल, आजचा धोका सांगणार नाही, हे प्रत्येक संबंधित पानावर ठळक लिहिले पाहिजे.

सुरुवात कोणी करावी

लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडपासून जवळ आहे. मीडियाविकी उभी करणे आणि सांभाळणे तिथल्या विद्यार्थ्यांना अवघड नाही. महाड आणि पोलादपूरच्या महाविद्यालयांतली मुले आपापल्या गावच्या नोंदी आणू शकतात. सुट्टीत घरी जाऊन आजीला विचारून लिहिलेले एक पान, हा भाषेच्या आणि भूगोलाच्या अभ्यासाचा उत्तम प्रकल्प आहे. मुंबईतल्या चाकरमान्यांची ग्राममंडळे पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या देवळासाठी आणि शाळेसाठी वर्गणी काढत आली आहेत. जागेचे वार्षिक भाडे त्यांना जड नाही. ट्रेकर घाटवाटा पाहतील. नोंदी मोबाइलवरूनच होणार, तेव्हा रचना मोबाइलला सोयीची हवी आणि बोलून मजकूर उतरवण्याची सोय म्हाताऱ्या माणसांसाठी वापरावी.

विषयाला कुंपण मात्र पहिल्या दिवसापासून घालावे. आधी घाटवाटा, पाणवठे आणि पूर-दरडी एवढेच. एवढ्या तीन विषयांत कोणाला काय उपयोग झाला हे दिसले की जत्रा, शेती, बोली आणि खाद्यपदार्थ आपोआप मागून येतील. सगळे एकदम सुरू केले तर पहिल्या महिन्यात उत्साह, सहाव्या महिन्यात रिकामी पाने, हा अनेक विकींचा अनुभव आहे.

खेळाडूंनी काल्पनिक जगातली प्रत्येक गुहा आणि प्रत्येक ओढा नोंदवून ठेवला, कारण त्यांना त्या जगात पुन्हा जायचे होते आणि मागून येणाऱ्याने आपल्यासारखे चाचपडू नये असे वाटत होते. आपल्या दोन तालुक्यांत खरी गावे आहेत, खऱ्या वाड्या आणि कोंड आहेत, आणि मागून येणारी आपलीच मुले आहेत. २००५ आणि २०२१ चा पाऊस ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ती माणसे आज सांगायला समोर आहेत. त्यांचे सांगणे तारीख आणि खुणेसह उतरवून घ्यायला पुढच्या पावसाळ्याआधी सुरुवात झाली पाहिजे.